बोर्डिंगमधील मुलांनी एकमेकांच्या मनाला आधार देण्यासाठी गट काढावा का?

भुदरगडचा विद्यार्थी

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकत असून शहरातील एका जुन्या बोर्डिंगमध्ये राहतो. गेल्या पावसाळ्यात आमच्याच मजल्यावरचा एक मुलगा दहा-बारा दिवस खानावळीत जेवायला आला नाही. पावसाची झड लागली होती, काही मार्गांवरच्या एस.टी. गाड्या बंद होत्या, त्यामुळे तो गावीच अडकला असेल असे आम्ही गृहीत धरले. प्रत्यक्षात तो आपल्या खोलीतच होता. दिवसा झोपायचा, रात्री जागायचा आणि बिस्किटांवर दिवस काढायचा. त्याचा रूम पार्टनर गावाहून परतला, तेव्हा हे उघड झाले. पुढे त्याच्यावर रीतसर उपचार झाले, आता तो बरा आहे आणि हे लिहायला त्याने स्वतः संमती दिली आहे. त्याचे एक वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. तो म्हणाला, ‘कुणी दार वाजवले असते तर मी उघडले असते, पण आपण होऊन दार उघडून कुणाला हाक मारणे मला जमत नव्हते.’

या प्रसंगानंतर आम्ही सात जणांनी एक गट सुरू करायचे ठरवले आहे. ज्याला एकटे वाटते, ज्याचे विषय राहिले आहेत, ज्याच्या घरी काही बिनसले आहे, त्याला येऊन बोलता यावे, इतकाच हेतू आहे. महाविद्यालयाचा विरोध नाही. परंतु ‘मानसिक’ हा शब्द फलकावर दिसला तर पालक घाबरतील, म्हणून ‘व्यक्तिमत्त्व विकास मंडळ’ असे नाव ठेवावे, अशी सूचना आम्हाला करण्यात आली. त्या नावाखाली मुले भाषणकला शिकायला येतील, रडायला कुणी येणार नाही, असे माझे मत आहे.

खरी अडचण आमचीच आहे. आमच्यापैकी एकानेही मानसशास्त्र शिकलेले नाही. कुणी जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार बोलून दाखवला, तर आम्ही काय बोलायचे? ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन द्यायचे का? आणि मुळात अशा नाजूक गोष्टीत अप्रशिक्षित मुलांनी हात घालणे योग्य आहे का? या क्षेत्रातील जाणकारांनी आणि ज्यांनी असा प्रयत्न केला आहे त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

मानसशास्त्राची शिक्षिका

तुमच्या मित्राने त्याच्या एका वाक्यात तुमच्या गटाचे काम सांगून टाकले आहे. दार वाजवणे हे तुमचे काम आहे. आत गेल्यावर निदान करणे, औषध सुचवणे, आईवडिलांशी झालेल्या भांडणाचा निवाडा करणे, यांपैकी काहीही तुमचे काम नाही. ही मर्यादा पहिल्या दिवशीच वहीत लिहून ठेवलीत, तर अप्रशिक्षित असणे हा तुमचा दोष राहणार नाही.

हे काम विद्यार्थ्यांनीच का करावे, याला कारण आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केल्या आणि त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. दुसरीकडे, बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे दिसले, की निरनिराळ्या मानसिक आजारांमध्ये उपचारांपर्यंत न पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आहे. म्हणजे डॉक्टरच्या दारापर्यंत जाणारी वाटच बहुतेकांना सापडत नाही. वीस वर्षांचा मुलगा पहिल्यांदा बोलतो तो बहुधा रूम पार्टनरशी. माझ्याशी बोलायला तो फार उशिरा येतो, आणि तोही कुणीतरी हाताला धरून आणले तर.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराविषयी एक मार्गदर्शिका काढली. पाहणे, ऐकणे आणि जोडून देणे, असे तीन शब्दांत तिचे सार सांगता येते. यांतले ऐकणे सर्वांत अवघड असते, कारण आपल्याकडे ऐकणारा माणूस दोन मिनिटांत उपदेशावर येतो. ‘तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतून लोक वर आले आहेत’, ‘व्यायाम कर, जोर-बैठका मार, सगळे ठीक होईल’, ‘घरच्यांचा विचार कर’ ही वाक्ये सद्भावनेने म्हटली जातात. समोरच्याला मात्र ती ‘तुझे दुःख खोटे आहे’ अशीच ऐकू येतात. शेवटचे वाक्य तर अपराधीपणात भर घालते. त्याऐवजी ‘हे कधीपासून चालू आहे?’ असे विचारून गप्प बसता आले, तरी पुष्कळ झाले.

आता तुमच्या सर्वांत कठीण प्रश्नाकडे येते. एखाद्याच्या बोलण्यावरून शंका आली, तर सरळ विचारा. ‘आत्महत्येचा विचार मनात येतो का?’ असे विचारल्याने तो विचार नव्याने मनात रुजत नाही, हे या विषयावरील संशोधनातून वारंवार दिसून आले आहे. उलट अनेकांना त्या प्रश्नाने सुटल्यासारखे होते. मात्र तो शांतपणे आणि खासगीत विचारावा; ‘तसले काही डोक्यात नाही ना रे?’ असा विचारू नये, कारण अशा प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर अपेक्षित असते आणि मुलगा तेच देतो. उत्तर ‘हो’ आले, तर त्याला एकटे सोडू नका, वाद घालू नका आणि त्याच क्षणी मोठ्या माणसाला सामील करून घ्या.

म्हणूनच संपूर्ण गुप्ततेचे वचन कधीही देऊ नका. बोलणे सुरू होण्याआधीच सांगा, की ‘तू जे सांगशील ते आमच्यातच राहील, फक्त तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असे वाटले, तर आम्ही तुला सांगून एका जबाबदार व्यक्तीला कळवू.’ मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टर व मानसशास्त्रज्ञ यांच्यावर बंधनकारक आहे आणि जिवाला असलेला धोका हा त्या बंधनालाही अपवाद आहे. तुमच्यावर ते कलम लागू होत नाही. त्यामुळे तुमचा नियम तुम्हालाच बनवावा लागेल आणि तो कडक असावा लागेल, कारण बोर्डिंगमध्ये एका खोलीतील गोष्ट चहा निवेपर्यंत दुसऱ्या मजल्यावर पोहोचते.

पोलिसांच्या भीतीने पुष्कळ प्रसंग दडपले जातात, म्हणून तेही स्पष्ट करते. याच कायद्याच्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच, उलट सिद्ध होत नाही तोवर, गृहीत धरले जाते, तिच्यावर खटला भरला जात नाही आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर येते. तेव्हा ‘पोलीस केस होईल’ म्हणून कुणाला रुग्णालयात न्यायला कचरू नका.

जोडून द्यायचे कोठे, याची यादी आधीच तयार ठेवा. ‘टेलि-मानस’ ही केंद्र शासनाची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक असून ती चोवीस तास आणि विनामूल्य आहे, मराठीतूनही बोलता येते. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. बाह्यरुग्ण विभागात पहिल्यांदा जाताना रांग, केसपेपर आणि ओळखीचे कुणी भेटेल ही धास्ती, या तीन गोष्टींपायी मुले अर्ध्या वाटेवरून परत फिरतात. सोबत जाऊन त्या बाकावर तासभर बसणारा मित्र हे काम माझ्यापेक्षा चांगले करतो.

माजी विद्यार्थी, आता पुण्यात नोकरी

आम्ही सहा वर्षांपूर्वी असा गट काढला होता. तो चार महिन्यांत बंद पडला, म्हणून लिहितो आहे. महाविद्यालयाचे नाव सांगत नाही.

सुरुवात फार थाटाची झाली. १० ऑक्टोबरला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी उद्घाटन झाले. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचे पाऊण तासाचे भाषण आणि शेवटी ‘हसा आणि हसवा’ अशी पाटी लावलेला सेल्फी पॉइंट. आम्हाला बसायला टेबल मिळाले ते कार्यालयाच्या समोर, जिथे दिवसभर फी भरणाऱ्यांची रांग असे. त्या टेबलावर चार महिन्यांत एकच मुलगी आली आणि तीही बोनाफाईड दाखला कुठे मिळतो हे विचारायला.

गंमत अशी, की टेबल ओस पडले असताना आमचे मोबाईल मात्र रात्रभर वाजत होते. आम्ही फलकावर स्वतःचे क्रमांक दिले होते. रात्री दीड-दोन वाजता संदेश यायचे आणि उत्तर दिले नाही तर काही होईल या धास्तीने आम्ही जागे राहायचो. आमच्यातली एक मैत्रीण सलग तीन आठवडे एकाच मुलाशी रोज रात्री बोलत होती. तिने कुणालाही सांगितले नाही, कारण तिने गुप्ततेचे वचन दिले होते. शेवटी तिचीच झोप उडाली, सत्राची परीक्षा बुडाली आणि गट मिटला. तो मुलगा पुढे सावरला. ती मात्र या विषयावर अजूनही बोलत नाही. मॅडमनी वचनाबद्दल जे लिहिले आहे, ते आम्हाला तेव्हा कुणी सांगितले असते, तर बरे झाले असते.

कोल्हापूरच्या माणसाला मी हे तालमीच्या भाषेत सांगेन. नव्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी कुणाशीही जोडीला उतरवत नाही. आधी हौदा, म्हणजे कुस्तीची माती, उकरायला लावतो, मग मेहनत करून घेतो, जोड कुणाची कुणाशी लावायची तेही तोच ठरवतो. आणि पोराचा खांदा निखळला, तर तो बसवायलाही वस्तादच असतो. आमच्या तालमीत वस्ताद नव्हता. तुम्ही पहिल्यांदा वस्ताद शोधा. महाविद्यालयाचा समुपदेशक, विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातील कुणी शिक्षक किंवा आठवड्यातून एक तास देऊ शकणारे मानसोपचारतज्ज्ञ, कुणीही चालेल. पण ऐकून आल्यावर तुम्हाला स्वतःला जिथे मोकळे होता येईल, अशी जागा हवीच.

गट मोडल्यावर मी इतरत्र हे कसे चालते, ते वाचून काढले. इंग्लंडमध्ये १९७० साली एसेक्स विद्यापीठात ‘नाइटलाइन’ नावाची सेवा सुरू झाली. तिथे रात्री विद्यार्थीच फोन घेतात, पण आधी प्रशिक्षण घेऊन, पाळीपाळीने आणि स्वतःचे नाव न सांगता. सल्ला द्यायचा नाही, ऐकायचे, हा त्यांचा नियम. अमेरिकेतील ‘अॅक्टिव्ह माइंड्स’ या संघटनेचा जन्म वेगळ्या कारणातून झाला. अॅलिसन मॅलमन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकत असताना, २००० साली, तिच्या भावाने आत्महत्या केली. आपला आजार त्याने जवळच्या माणसांपासूनही लपवला होता. त्यानंतर तिने २००१ मध्ये विद्यापीठात गट काढला, तो उपचार देण्यासाठी नव्हे, तर या विषयावर उघडपणे बोलता यावे म्हणून. दोन्ही कामे निराळी आहेत आणि आम्ही ती एकाच टेबलावर मांडून बसलो होतो. तुम्ही यांपैकी काय करणार आहात, ते आधी ठरवा. नाव काहीही ठेवा. त्यावर वेळ घालवू नका.

इचलकरंजीची एक आई

माझी मुलगी कोल्हापुरात वसतिगृहात राहते. आपण सर्वांनी चांगले लिहिले आहे. तरीही वाचताना काही गोष्टी खटकल्या, म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट अशी, की तुमचा गट सात मुलग्यांचा दिसतो. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक संध्याकाळी लवकर बंद होते आणि आतल्या मुलीला बाहेरच्या गटाचा काडीचा उपयोग नसतो. तिला तिच्याच मजल्यावरची मुलगी लागते.

दुसरी गोष्ट, मुलांचा सगळाच त्रास मनातून उगवत नाही. माझ्या मुलीच्या मैत्रिणीला शिष्यवृत्तीचा हप्ता लांबल्यामुळे मेसचे बिल भरता आले नाही. दोन महिने ती एक वेळ जेवत होती आणि सगळ्यांना ‘उपवास आहे’ असे सांगत होती. तिला ‘तुझ्या भावना सांग’ म्हणणारा माणूस नको होता. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावरचा अर्ज कुठे अडकला आहे हे पाहणारा आणि तिच्यासोबत समाजकल्याणच्या कार्यालयात जाणारा माणूस हवा होता. तिथे काम झाले आणि तिचे रडणे थांबले. आपल्या गटात अर्ज-कागद समजणारे कुणी ठेवा.

आणि तिसरी गोष्ट रागाने लिहिते आहे. मुले एकमेकांना सावरतात, हे कौतुकाचे आहे. पण त्या कौतुकाआड संस्थांनी लपू नये. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विशाखापट्टणममधील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा, कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे आणि मदतीचे क्रमांक वसतिगृहात व वर्गांत ठळकपणे लावावेत, असे त्यांत म्हटले आहे. ज्यांना ‘मानसिक’ या शब्दाने पालक घाबरतील असे वाटते, त्यांना माझ्यासारख्या पालकांतर्फे सांगा, की आम्ही फलक नसला तर घाबरतो.

मानसशास्त्राची शिक्षिका

ताईंचा मेसच्या बिलाचा मुद्दा मी वर्गात सांगणार आहे. माझ्या लेखनात तो सुटला, हे मान्य करते.

एक भर घालते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात बोर्डिंगे उभी करायला सुरुवात केली आणि कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हटले जाऊ लागले. जिथे पंगतीला सर्व मुले एकत्र जेवायला बसतात, तिथे एखादे ताट रिकामे राहिले, तर वाढणाऱ्याच्या ध्यानात येते. आता डबा खोलीत येतो, किंवा मोबाईलवरून जेवण मागवले जाते. मुलगा चार दिवस कुणाच्या नजरेस पडला नाही, तरी कुणाचे काही अडत नाही. भुदरगडच्या विद्यार्थ्याने खानावळीचा उल्लेख सहज केला आहे, पण माझ्या मते त्याच्या प्रश्नातली ती सर्वांत महत्त्वाची ओळ आहे.

भुदरगडचा विद्यार्थी

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभर आम्ही यावर बोललो आणि काही गोष्टी ठरवल्या.

फलक, उद्घाटन आणि स्वतःचे मोबाईल क्रमांक, तिन्ही रद्द केले. मंगळवारी आणि शुक्रवारी रात्रीच्या जेवणानंतर आमच्यापैकी दोघे बोर्डिंगच्या वाचनालयामागच्या खोलीत दीड तास बसतील. तिथे कॅरम आहे, त्यामुळे कोण कशासाठी आला, हे बाहेरच्याला कळणार नाही. रात्रीसाठी १४४१६ हा क्रमांक जिन्यात आणि मेसमध्ये लावला आहे. वस्ताद मिळाले आहेत; एक निवृत्त समुपदेशक दर शनिवारी आमच्याबरोबर बसायला तयार झाले आहेत आणि दोन आठवडे ते केवळ ऐकण्याचा सराव घेणार आहेत. मुलींच्या वसतिगृहातील दोघींनी स्वतंत्र गट करायचे ठरवले आहे. त्यात आम्ही लुडबुड करणार नाही. अर्ज आणि शिष्यवृत्तीचे काम आमच्यातल्या वाणिज्यच्या मुलाने मागून घेतले.

खानावळीच्या मावशींशीही बोललो. मासिक जेवणाची हजेरी त्यांच्या वहीत असतेच. कुणाची सलग तीन दिवस गैरहजेरी पडली, तर त्या आम्हाला सांगतील आणि आमच्यापैकी एकजण डबा घेऊन त्या खोलीपर्यंत जाईल. काल पहिल्यांदा गेलो. तो मुलगा तोंडी परीक्षेची तयारी करत होता आणि व्यत्यय आल्याने चांगलाच वैतागला. डबा मात्र ठेवून घेतला.

एक शंका उरली आहे. ही वही रेक्टर सरांनी मागितली, तर द्यायची का?

मानसशास्त्राची शिक्षिका

हजेरीची वही मावशींची आहे. ती त्यांनी कुणाला दाखवावी, हे तुम्ही ठरवू शकत नाही. पण तुम्ही कोणाच्या दारावर गेलात आणि तो काय बोलला, याची नोंद मुळीच करू नका. जी वही अस्तित्वात नाही ती कुणी मागू शकत नाही. शनिवारच्या बैठकीत समुपदेशकांशी बोलतानाही नाव न घेता बोलण्याची सवय लावा. जिवाला धोका असेल तेव्हाच नाव घ्या. आणि ज्या मुलांना ही तीन दिवसांची पद्धत नको असेल, त्यांना तसे सांगण्याची सोय महिन्याच्या सुरुवातीलाच ठेवा.

विद्यापीठाच्या निकालाच्या आठवड्यात मंगळवार-शुक्रवार पुरणार नाही. त्या आठवड्यात रोज बसा.